फॉरमॅट मारण्याआधी बिघाड लिहून द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मी गेली २४ वर्षं हिशेबाचं काम करते. कॉम्प्युटर दुरुस्ती हा माझा धंदा नाही, तसं शिक्षणही नाही. पण ऑफिसात मशीन अडलं की पहिली हाक मला येते आणि मंगळवार पेठेत आमच्या गल्लीतही तेच चालतं. इतक्या वर्षांत जे पाहिलं त्यावरून एक गोष्ट आपल्या वाचकांपुढे, आणि त्याहून जास्त गावातल्या दुरुस्तीवाल्यांपुढे मांडायची आहे. कॉम्प्युटर बिघडला की "फॉरमॅट मारायला लागंल" हे वाक्य आपल्याकडे फार लवकर तोंडात येतं. फॉरमॅट म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने बसवणं. बिघाड कुणी शोधलेला नसतो, स्क्रीनवर काय लिहून आलंय ते कुणी वाचलेलं नसतं, आणि औषध मात्र ठरलेलं असतं.

गेल्या महिन्याच्या २० तारखेचं सांगते. २० तारीख म्हणजे जीएसटीचं ३-बी रिटर्न भरायचा शेवटचा दिवस. चुकलं तर दिवसाला ५० रुपये लेट फी आणि थकलेल्या करावर १८ टक्क्यांनी व्याज. सकाळी अकरा वाजता ऑफिसातल्या पोराने सांगितलं, मॅडम, पोर्टल उघडत नाही. बँकेची साइट उघडत नाही. मेलसुद्धा उघडत नाही. नेट चालू होतं, कारण शेजारच्या मशीनवर सगळं व्यवस्थित होतं. नेहमीच्या दुरुस्तीवाल्याला फोन लावला. त्याने फोनवरच निदान केलं: "विंडोज खराब झालंय मॅडम. फॉरमॅट मारायला लागंल. नाहीतर मग मदरबोर्डच गेला आसंल. संध्याकाळी येतो, मशीन मोकळं करून ठेवा."

मोकळं करून ठेवा म्हणजे काय? त्या मशीनवर आमचं हिशेबाचं टॅली, डिजिटल सही चालवणारं सॉफ्टवेअर, दोन प्रिंटर, वजनकाट्याचा जोड. फॉरमॅट झाल्यावर हे सगळं परत बसवायला दोन दिवस गेले असते, आणि रिटर्न त्या दिवशी नक्कीच भरलं गेलं नसतं.

मी खुर्ची ओढून बसले आणि स्क्रीनवरची इंग्रजी ओळ नीट वाचली. क्रोमने स्वच्छ लिहिलं होतं की तुमचं घड्याळ मागे आहे. सकाळपासून तीन माणसांनी ती ओळ बघितली होती आणि तिघांनीही ती बंद करून पुन्हा उघडायचा प्रयत्न केला होता. खाली उजव्या कोपऱ्यात तारीख होती १ जानेवारी २०१२. पोराला विचारलं, हे कधीपासून? तो म्हणाला, "तारखेचं माहीत नाही, पण पंधरा दिवस झाले, सकाळी चालू करताना काळ्या स्क्रीनवर काहीतरी येतंय. एफ-१ दाबलं की पुढं जातंय."

एवढं ऐकल्यावर उत्तर हातात आलं. मदरबोर्डवर एक चपटा गोल सेल असतो, सीआर २०३२ नावाचा, तीन व्होल्टचा, साधारण जुन्या चार आण्याएवढा. मशीनची वायर काढलेली असताना तारीख-वेळ आणि सुरुवातीची सेटिंग तो सांभाळतो. आमच्याकडे रात्री जाताना बोर्डाचा मेन स्विच बंद करायची पद्धत आहे. त्यामुळे सेल संपला की मशीन रोज सकाळी जन्मतारखेला परत जातं. आता बँकेच्या किंवा सरकारी साइटकडे ती खरी असल्याचं एक प्रमाणपत्र असतं, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत चालणारं. मशीनच्या मते आज २०१२ साल असेल तर ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नसतं, म्हणून ब्राउझर दार बंद करतो. त्याचं काही चुकत नाही, उलट तो राखणच करत असतो.

घड्याळवाल्याकडून ४० रुपयांचा सेल आणला. वायर काढली, कॅबिनेट उघडलं, जुना सेल नखाने उचलला, नवा लिहिलेली बाजू वर ठेवून बसवला. चालू केल्यावर एकदा सुरुवातीच्या सेटिंगमध्ये जाऊन तारीख बरोबर केली, सेव्ह केलं. साडेबाराला पोर्टल उघडलं आणि दुपारी चारच्या आत रिटर्न भरून झालं. दुरुस्तीवाल्याला येऊ नका असा फोन केला. त्याच्यावर माझा राग नाही. तो चांगला मुलगा आहे, रात्री दहा वाजताही येतो. पण त्याने एकच प्रश्न विचारला असता, "स्क्रीनवर काय लिहून आलंय ते वाचून दाखवा", तर फोनवरच काम झालं असतं.

आमच्या फौंड्रीत एक रजिस्टर आहे. कास्टिंग रिजेक्ट झालं की ते नुसतं बाजूला फेकता येत नाही. कारण लिहावं लागतं. ब्लो होल, म्हणजे गॅसचं भोक आहे, की वाळू पडली, की धातू थंड होऊन दोन धारा जुळल्याच नाहीत. कारण लिहिल्याशिवाय तो माल पुन्हा भट्टीत जात नाही. माझ्या सासऱ्यांच्या वयाचे मोल्डर आहेत, शाळा चौथीपर्यंत, पण कास्टिंग हातात घेऊन भोक गुळगुळीत आहे की खरबरीत एवढ्यावरून गॅस की वाळू ते सांगतात. सगळं वितळवून पुन्हा ओता, असं त्यांच्यातला कुणी म्हणत नाही, कारण साच्यातला दोष तसाच राहिला तर पुढचा मालही तसाच निघणार हे त्यांना माहीत आहे. ज्या गावाला ही शिस्त घरचीच आहे, तिथे कॉम्प्युटरच्या बाबतीत आपण सरळ वितळवायलाच का निघतो, हा माझा प्रश्न आहे.

हे मी इतकं जिवाला लावून का लिहिते त्याचं कारण घरातलं आहे.

माझे वडील, अण्णा, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. निवृत्तीनंतर आम्ही त्यांना जुना कॉम्प्युटर घेऊन दिला. दोन बोटांनी टाइप करायला शिकले. २०१३ पासून रोज सकाळी पूजा झाली की तासभर बसायचे. काय लिहीत होते? त्यांची आई, म्हणजे माझी आजी, पन्हाळा तालुक्यातल्या आमच्या गावी जात्यावर ज्या ओव्या म्हणायची, त्या आठवून आठवून. गावाकडच्या दोन म्हाताऱ्या आत्यांना फोन करून राहिलेल्या ओळी विचारून घ्यायचे. कुठली ओवी कुणाच्या लग्नात, कुठली माहेरच्या आठवणीत, तेही खाली लिहायचे. तीन वर्षांत १४० पानं झाली होती.

२०१६ च्या पावसाळ्यात मशीन फार संथ झालं. मी ऑफिसात, घरी दुरुस्तीवाला आला. तोही प्रामाणिक होता, त्याने अण्णांची फाइल आधी डी ड्राइव्हवर, म्हणजे डिस्कच्या वेगळ्या कप्प्यात ठेवली आणि मग विंडोजचा सी ड्राइव्ह फॉरमॅट मारला. काम झाल्यावर अण्णांनी फाइल उघडली तर त्यात मराठीचं एक अक्षर नाही. नुसती इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलरची चिन्हं, एकाला एक चिकटलेली. तो म्हणाला, "अण्णा, फाइल करप्ट झाली. उडवून टाका, व्हायरस आसंल तर पसरंल." अण्णांनी त्याच्या देखत ती पुसली. रिसायकल बिनही रिकामा केला. संध्याकाळी मी घरी आले तर अंगणात बसले होते, जेवले नाहीत. म्हणाले, "गेलं बघ सगळं." त्यानंतर त्यांनी मशीन चालू केलं नाही असं नाही, बातम्या वाचायचे, पण लिहायला पुन्हा बसले नाहीत. गावाकडची मोठी आत्या त्याच वर्षी दिवाळीआधी गेली.

सात-आठ महिन्यांनी ऑफिसात नव्या मशीनवर जुनं मराठी कोटेशन उघडलं, तर अगदी तसंच दिसलं. इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलर. आमच्या टायपिंगवाल्या ताईंनी हसून सांगितलं, अहो याच्यात फॉन्टच नाही टाकलेला. पेनड्राइव्हवरून फॉन्ट टाकला आणि माझ्या डोळ्यांसमोर सगळं मराठी झालं. तेव्हा मला कळलं की अण्णांची फाइल बिघडलेलीच नव्हती.

हे नीट सांगायला हवं, कारण अजूनही घराघरांत अशा फाइली आहेत. युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी मराठीच दिसेल अशी पद्धत, सर्रास वापरात येण्याआधी आपण मराठी टाइप करायचो ते कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी अशा फॉन्टमध्ये. तिथे फाइलीच्या पोटात खरं तर इंग्रजी अक्षरांचेच नंबर साठवलेले असतात. त्या नंबरावर मराठी अक्षराचं चित्र दाखवायचं काम फॉन्ट करतो. फॉन्ट असतो विंडोजच्या फोल्डरमध्ये, म्हणजे सी ड्राइव्हवर. फॉरमॅट झाला की फॉन्ट गेला, आणि डी ड्राइव्हवर जपून ठेवलेली फाइल आंधळी झाली. तोच फॉन्ट पुन्हा टाकला की ती जशीच्या तशी वाचता येते, किंवा युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं फुकट मिळतात. दोन मिनिटांचं काम होतं. मी मग पुसलेली फाइल परत आणायचा प्रयत्न केला. पण पुसलेल्या जागेवर मशीन नवीन काही लिहीपर्यंतच ती परत मिळायची आशा असते. आठ महिन्यांत त्या जागेवर दुसरं काय काय येऊन बसलेलं होतं. अण्णांनी मध्ये कधीतरी आत्याला वाचून दाखवायला २३ पानांची प्रिंट काढली होती. तेवढीच राहिली.

यात दुरुस्तीवाल्याने चोरी केली नाही की फसवलं नाही. त्याने फक्त न समजलेल्या गोष्टीला "करप्ट" हे नाव दिलं. "हे काय आहे मला कळत नाही, पुसू नका" एवढं म्हणायचा मोठेपणा त्याला कुणी शिकवला नव्हता. आणि मुळात मशीन संथ का होतं हेही शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही.

मशीन संथ होण्याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात. गल्लीतल्या एका वहिनींचा लॅपटॉप असाच रखडायचा. त्या म्हणाल्या, मी रोज रात्री शट डाऊन करते हो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला, परफॉर्मन्समध्ये सीपीयूखाली बघितलं, तर मशीन सलग ६१ दिवस चालू असल्याचं दाखवत होतं! वहिनी खोटं बोलत नव्हत्या. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली आहे. शट डाऊन केलं तरी विंडोजचा गाभा बंद न होता डिस्कवर झोपवला जातो आणि सकाळी तसाच उठवला जातो, म्हणजे लवकर सुरू होतं. रीस्टार्ट केल्यावर मात्र सगळं खरोखर बंद होऊन नव्याने सुरू होतं. "बंद करून चालू करा" म्हणतात ते रीस्टार्टच करायला हवं. वहिनींनी ते केलं, आणि दोन महिन्यांचं साचलेलं गेलं.

रीस्टार्टनेही फरक पडला नाही तर त्याच टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा आकडा बघावा. काहीही न करता तो शंभर टक्क्यांवर चिकटून असेल, आणि मशीनमध्ये फिरणारी जुनी हार्डडिस्क असेल, तर बहुधा तिचंच ओझं आहे. तिच्या जागी एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, टाकली की सात-आठ वर्षांचं मशीनसुद्धा ओळखू येत नाही. पण हार्डडिस्कमधून खट् खट् आवाज येत असेल, किंवा एखादं फोल्डर उघडायला मिनिट मिनिट लागत असेल, तर आधी फोटो आणि हिशेब दुसरीकडे काढून घ्या. तपासणी नको, दुरुस्तीचा प्रोग्राम नको. मरायला टेकलेल्या डिस्कवर असा प्रोग्राम चालवला की ती तिथेच मान टाकते, हे मी आमच्याच ऑफिसात बघितलंय.

उद्यमनगरातल्या लोकांसाठी एक गोष्ट वेगळी सांगते. मशीन वीस मिनिटं चालून काही न सांगता फटकन बंद पडतं, थोड्या वेळाने चालू होतं, पुन्हा बंद. असं झालं की पहिल्यांदा कॅबिनेट उघडून बघा. आमच्याकडे मोल्डिंगची वाळू, बेंटोनाइट नावाची चिकट माती आणि कोळशाची भुकटी हवेतच असते. आमचं एक मशीन उघडलं तेव्हा प्रोसेसरवरच्या पंख्याच्या पाती दिसत नव्हत्या, काळा नमदाच बसला होता. उष्णता बाहेर पडत नाही म्हणून मशीन स्वतःला वाचवायला बंद होतं. वायर काढून, मशीन बाहेर अंगणात नेऊन, ब्लोअर लांब धरून हवा मारायची. पंख्यात पेन्सिल अडकवून तो फिरू द्यायचा नाही, नाहीतर वाऱ्याच्या जोराने भन्नाट फिरून त्याची बेअरिंग जाते. दर तीन महिन्यांनी आम्ही हे करतो आणि तारीख कॅबिनेटवर खडूने लिहितो.

चालू केल्यावर नुसत्या बीप वाजतात, स्क्रीन काळीच राहते, तर पुष्कळदा रॅमची, म्हणजे चालू कामाच्या मेमरीची पट्टी जागेवर सैल झालेली असते किंवा तिच्या सोनेरी कडेवर थर बसलेला असतो. दमट पावसाळ्यात हे फार होतं. वायर काढा, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली वीज उतरू द्या, पट्टी काढा, सोनेरी कड स्वच्छ खोडरबरने हलकी घासा, पुन्हा दाबून बसवा. दोन्ही बाजूच्या खिट्ट्या टक् करून लागल्या पाहिजेत.

प्रिंटर अडतो तेव्हा आपण काय करतो? प्रिंटचं बटण पुन्हा दाबतो, मग पुन्हा. रांगेतला पहिला कागद अडलेला असतो आणि त्याच्यामागे आपण वीस उभे करतो. विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये जाऊन छपाईची रांग सांभाळणारा प्रिंट स्पूलर थांबवायचा, रांगेच्या फोल्डरमधले अडकलेले कागद पुसायचे, स्पूलर पुन्हा चालू करायचा. याच्यासाठी प्रिंटरच गेला म्हणून नवा घेतलेले लोक मला माहीत आहेत.

नेटचंही तसंच. घरी फायबर असेल तर राउटरच्या डब्यावर लॉस (LOS) असं लिहिलेला एक दिवा असतो. तो लाल पेटला असेल तर बाहेरून प्रकाशच येत नाहीये, केबल कुठेतरी तुटली आहे किंवा दुमडली आहे. घरात काही करू नका, पासवर्ड बदलू नका, कंपनीला "लॉस लाल आहे" एवढेच शब्द सांगा. गल्लीत खोदाई चालू असेल तर उत्तर तिथेच पडलेलं असतं. दिवा लाल नसेल आणि मोबाइलवर वाय-फाय चालतंय पण कॉम्प्युटरवर नाही, तर दोष कॉम्प्युटरकडचा. दोन्हीकडे नाही, तर राउटर अर्धा मिनिट बंद ठेवून चालू करा.

आता एक धोका. आमच्या गल्लीतले एक निवृत्त काका रेल्वेचं तिकीट काढत असताना अख्खी स्क्रीन लाल झाली, भोंगा वाजायला लागला, आणि "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, ताबडतोब या नंबरवर फोन करा" असं आलं. काकांनी फोन केला. पलीकडचा माणूस गोड हिंदीत बोलत होता, एक ॲप टाकायला सांगत होता, म्हणजे त्याला लांबून काकांची स्क्रीन चालवता आली असती. काकू घाबरून माझ्याकडे धावत आल्या. मी जाऊन भिंतीवरचा स्विचच बंद केला. काका बिचारे थरथरत होते. वाचकहो, मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. नंबर दिसला की ती खोटी, याच्यापुढे विचार करायची गरज नाही. टास्क मॅनेजर उघडून ब्राउझर बंद करा आणि पुन्हा उघडताना जुनी पानं परत आणू नका. आणि कुणाचे पैसे गेलेच असतील तर लाजून गप्प बसू नका, त्याच मिनिटाला सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी ती अडवायची असते, म्हणून घाई.

"विंडोज १० बंद झालं, मशीन फेका, नवं घ्या" असंही सध्या सर्रास सांगितलं जातं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबले हे खरं आहे. मशीन बंद पडलं हे खरं नाही. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट वाढवून घ्यायची सोय मायक्रोसॉफ्टने दिली. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते, आणि पुष्कळ मशीनमध्ये ती असते, फक्त सुरुवातीच्या बायोस सेटिंगमध्ये बंद ठेवलेली असते. हे बघायला पाच मिनिटं लागतात. बघा आणि मग नवं घ्यायचं की नाही ते ठरवा. बँकेचे व्यवहार मात्र अपडेट थांबलेल्या मशीनवर करू नका.

आणि पावसाळा जवळ आला की मला नेहमी आठवतं ते २०१९ आणि २०२१ चं पुराचं पाणी. शाहूपुरीत माझ्या मावसबहिणीच्या दुकानात कमरेएवढं पाणी होतं. पाणी उतरल्यावर त्यांनी कॉम्प्युटर दोन दिवस उन्हात वाळवला आणि स्विच दाबला. जळका वास आला आणि संपलं. पाण्यात गेलेल्या मशीनला वीज द्यायचीच नाही. हार्डडिस्क काढून, न तापवता, न उघडता, डेटा काढून देणाऱ्या माणसाकडे न्यायची. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला आलं की आपण गाड्या हलवतो, जनावरं हलवतो, तेव्हाच हार्डडिस्कही पिशवीत घालावी.

माझी मागणी मोठी नाही. आपल्या गावात दुरुस्ती करणारी शेकडो पोरं आहेत. दोन-तीनशे रुपयांसाठी उन्हातान्हात फिरतात. गिऱ्हाईक डोक्यावर बसून "किती वेळ लागणार" म्हणून सतावतं, त्यामुळे खात्रीचा आणि लवकरचा मार्ग म्हणून ती फॉरमॅट धरतात, हे मला कळतं. त्यांना विनंती एवढीच की बिलावर तीन ओळी लिहा. स्क्रीनवर काय दिसत होतं, बिघाड काय सापडला, आणि काय बदललं. काढलेला जुना पार्ट गिऱ्हाइकाला परत द्या. फॉरमॅट मारायचीच वेळ आली तर आधी मालकाला समोर बसवून डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड आणि फॉन्टचं फोल्डर असं एकेक उघडून दाखवा आणि कॉपी घ्या. डेस्कटॉपवरची फाइल सी ड्राइव्हवर असते हे निम्म्या लोकांना माहीत नसतं. कॉपी उघडते का, वाचता येते का, ते बघून मगच फॉरमॅट मारा.

आणि आपण गिऱ्हाइकांनी स्क्रीनवर जे येईल त्याचा मोबाइलवर फोटो काढायची सवय लावावी. "चालत नाही" एवढं सांगून कुठलाच डॉक्टर औषध देत नाही. काय करताना झालं, त्याआधी नवीन काय बसवलं होतं, लाइट गेली होती का, हेही सांगावं. आपल्या दैनिकाने आठवड्यातून एकदा अशा एका बिघाडाची चौकट छापली, काय दिसलं आणि काय निघालं एवढीच, तर गल्लीगल्लीतल्या कितीतरी फाइली वाचतील.

अण्णा २०१८ मध्ये गेले. त्यांची ती २३ पानं मी युनिकोडमध्ये टाइप केली आहेत. एक प्रत माझ्या मशीनवर आहे, एक पेनड्राइव्हवर भावाच्या घरी, एक मेलमध्ये. धाकटी आत्या अजून आहे. तिला फोन लावून वाचून दाखवते तेव्हा मध्येच ती पुढची ओळ म्हणते, आणि मी लिहून घेते.

ज्यांच्या घरी उघडल्यावर इंग्रजी अक्षरं दिसतात म्हणून बाजूला टाकलेल्या जुन्या मराठी फाइली असतील, त्यांनी त्या कृपा करून पुसू नयेत. फॉन्ट शोधून त्या वाचत्या करायला मी बसेन. रविवारी सकाळी मी घरीच असते. माझा पत्ता आपल्या कार्यालयात देऊन ठेवला आहे, विचारणाऱ्याला तो द्यायला माझी हरकत नाही.

आपली,
एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर